ताटासमोर कुणी बसायचं?

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं लेकरू आहे त्यांनी तर नक्की वाचा.)

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी आपल्या घरांत अजून आहे. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, लाल मिलोची भाकर खाल्लेली, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणलेली माणसं. उपाशी राहणं म्हणजे काय, हे लातूर-नांदेडकडं कुणाला पुस्तकातून शिकवावं लागत नाही. आणि म्हणूनच एक गोष्ट आपल्याकडं कुणाच्या डोक्यात शिरत नाही. घरात ज्वारीची पोती लागलेली आहेत, दूधदुभतं आहे, आई गरम भाकर ताटात टाकतेय आणि सोळा वर्षांची पोरगी ताट सरकवून उठते. रोज उठते. महिना जातो, दोन महिने जातात. गाल आत जातात, केस गळतात, पाळी थांबते, तरी तिचं एकच, "मला भूक नाही."

मग आजी म्हणते, "आम्ही मिलो खाऊन दिवस काढले, आन् हिला तूप-पोळी गोड लागंना." बाप म्हणतो, "नाटकं आहेत. लक्ष देऊ नका, दोन दिवसांत खाईल आपोआप." शेजारीण सांगते नजर लागली. मामा सांगतो अभ्यासाचं टेन्शन. आई काहीच बोलत नाही. तिला आतल्या आत वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकलं.

आजची पोस्ट त्या आईबद्दल आहे. बापाबद्दल, मोठ्या बहिणीबद्दल, नवऱ्याबद्दलही आहे. खाण्याचा आजार झालेल्या माणसाच्या ताटासमोर जो कुणी बसतो त्याच्याबद्दल आहे. अशा माणसाला पहिली गरज असते ती धीराची, "मला हे जमेल" या भरवशाची. आणि इतिहास बघितला तर लक्षात येतं की हा भरवसा घरच्यांकडं नव्हता असं नाही. तो त्यांच्याकडून काढून घेतला गेला, तोही शिकलेल्या डॉक्टरांकडून, आणि परत मिळायला शंभर वर्षं लागली.

आधी आजार काय ते थोडक्यात. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं इतकं कमी करतो की शरीर खंगत जातं. बुलिमियात अधाशासारखं खाल्लं जातं आणि मग उलटी काढून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा दिवसभर उपास करून ते "फेडलं" जातं. तिसऱ्या प्रकारात भरमसाट खाणं होतं, पण फेडणं नसतं, नुसती लाज उरते. हे आजार मुलींत जास्त दिसतात, पण मुलग्यांनाही होतात. हा हट्ट नव्हे आणि श्रीमंतांचं खूळही नव्हे. मानसिक आजारांमध्ये जीवघेण्या आजारांत अ‍ॅनोरेक्सियाचं नाव फार वर आहे.

हा काही मोबाइलनं आणलेला आजारही नाही. लंडनचे डॉक्टर रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली छापलेल्या ग्रंथात एका अठरा वर्षांच्या मुलीचं वर्णन केलंय. ताप नाही, खोकला नाही, क्षयाची खूण नाही, आणि तरी ती झिजत चाललेली. नाव मात्र मिळालं १८७३ च्या सुमारास. त्या वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या दोघांनी जवळपास एकाच वेळी हा आजार मांडला. गल हे राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर. "अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा" हे नाव त्यांचं.

लासेग यांचं निरीक्षण आजही वाचण्यासारखं आहे. ते म्हणतात, घरच्यांकडं दोनच हत्यारं असतात, विनवणी आणि धमकी. दोन्ही ते बोथट होईपर्यंत वापरतात. आता आपल्या घरात बघा. "माझ्या गळ्याची शपथ आहे, दोन घास खा" ही झाली विनवणी. "खाल्लं नाहीस तर कॉलेज बंद" ही झाली धमकी. दीडशे वर्षांपूर्वीचं पॅरिस आणि आजचं औसा-कंधार, फरक काही नाही.

गल यांनी उपचार सांगितला तो साधा होता. ठरलेल्या वेळेला खाऊ घाला, ऊब द्या, तिच्या लहरीवर सोडू नका. इथपर्यंत ठीक. पण त्यांनी आणखी एक सांगितलं: अशा रुग्णाची काळजी घ्यायला नातेवाईक आणि मित्र ही सगळ्यांत वाईट माणसं. पॅरिसचे नामांकित डॉक्टर शार्को पुढं गेले. त्यांच्या मते मुलीला आईबापांपासून तोडणं हाच उपचाराचा गाभा. झालं, तिथून वाट पडली. पुढची कित्येक दशकं युरोप-अमेरिकेत मुलगी दवाखान्यात आत आणि आईबाप फाटकाबाहेर, असा रिवाज चालला.

विसाव्या शतकात तर आरोपपत्रच तयार झालं. मनाच्या आजाराचं मूळ आईत शोधायची ती लाटच होती. स्किझोफ्रेनिया झाला, आईमुळं. स्वमग्न मूल जन्मलं, थंड आईमुळं. मुलगी जेवत नाही, आईनं फार धाकात ठेवलं म्हणून. हिल्डा ब्रूख यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकांनी या मुलींचं दुःख जगाला समजावून सांगितलं, ते काम मोठंच. पण त्या लिखाणातही बोट घराकडंच वळलेलं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत साल्व्हादोर मिनुचिन यांनी सगळ्या कुटुंबाला एका टेबलावर जेवायला बसवून उपचार सुरू केले. कुटुंब खोलीत आलं, हे मोठं पाऊल. पण कसं आलं? "बिघडलेलं कुटुंब" म्हणून आलं.

विचार करा, ज्या बाईला तीन डॉक्टरांनी सांगितलंय की हे तुझ्यामुळं झालं, ती संध्याकाळी ताट वाढताना कोणत्या हातानं वाढणार? तो हात थरथरणारच. आणि समोरचं आजारी लेकरू तो थरथरणारा हात बरोबर ओळखतं.

याच काळात आपल्या देशात वेगळंच काही चाललं होतं. त्याची आपल्याला फारशी माहिती नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णाच्या घरच्यांनाच आवारात राहायला बोलावलं. जागा नव्हती, तर तंबू ठोकले. नातेवाईक रुग्णाजवळ राहायचे, त्याला खाऊ घालायचे, डॉक्टर कसं बोलतात ते बघायचे, आणि शेजारच्या तंबूतला माणूस बरा होऊन घरी जाताना पाहायचे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं १९५७ मध्ये मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं, तिथंही घरचं माणूस सोबत राहणार हे गृहीतच होतं. यामागं अडचणही होती, नर्सेस कमी, पैसा कमी. पण अडचणीतून शहाणपण निघालं. सरकारी दवाखान्यात खाटेखाली सतरंजी टाकून झोपलेला नातेवाईक आपण रोज बघतो. त्याच्याकडं डॉक्टरांनी गर्दी म्हणून न बघता हाताखालचा माणूस म्हणून बघितलं, एवढाच फरक.

आता भुकेबद्दलची एक गोष्ट, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात उपासमार होती, तिथल्या लोकांना परत खायला कसं घालायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञानं प्रयोग केला. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले ३६ तरुण स्वतःहून पुढं आले. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना साधारण निम्म्या आहारावर ठेवलं. वजन सुमारे पावभाग उतरलं, ते अपेक्षितच होतं. धक्का दुसराच होता. ही धडधाकट, समंजस पोरं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली, त्यांना हसू येईना. दिवसरात्र डोक्यात अन्न. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. एक घास तासभर चघळायला लागली. आणि पुन्हा पोटभर मिळू लागलं तरी डोकं ताळ्यावर यायला कित्येक महिने लागले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पोरगी ताट भिरकावते, आईला नको नको ते बोलते, भाकरीचे बारीक तुकडे करून तासभर चिवडत बसते, भावाला आग्रह करून वाढते आणि स्वतः खात नाही. यातलं बरंच काही तिचा स्वभाव नसतो, ती उपासमार बोलत असते. तिच्या डोक्यातही खायचं नाही असं नसतं, खाण्याशिवाय दुसरं काही नसतं. हे ज्या आईला कळलं तिची निम्मी भीती गेली. कारण मग भांडण लेकीशी राहत नाही, आजाराशी होतं. आणि अन्न हे लाड किंवा बक्षीस राहत नाही, ते औषध होतं.

आता लंडनला येऊ. मॉडस्ली हॉस्पिटलमध्ये जेराल्ड रसेल नावाचे डॉक्टर होते. बुलिमियाला १९७९ साली नाव दिलं ते यांनीच. (१९९५ मध्ये डायनानं बीबीसीच्या मुलाखतीत आपल्याला हा आजार होता असं सांगितलं, तेव्हा जगभर तो शब्द पोचला.) रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट छळत होती. दवाखान्यात नर्सेस तासन् तास शेजारी बसून मुलींना जेवू घालतात, वजन भरतं. मुलगी घरी जाते आणि पुन्हा खंगते. मग त्यांनी विचार केला, नर्स जे करते ते आईबापांना का शिकवू नये?

८० रुग्ण घेतले. दवाखान्यात वजन भरून काढल्यावर काहींना एकट्यानं समुपदेशन दिलं, काहींना घरच्यांसह. १९८७ साली निष्कर्ष छापून आले. ज्या मुलामुलींना आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांच्या आत उपचाराला आणलं होतं, त्यांच्यात घरच्यांना सोबत घेऊन केलेले उपचार सरस ठरले. पुढं अमेरिकेत १२ ते १८ वयाच्या १२१ मुलामुलींवर असाच अभ्यास झाला, तो २०१० मध्ये आला. उपचार संपल्यानंतर एका वर्षानं बघितलं तर आईबापांच्या हाती ताट दिलेल्या गटात जवळपास निम्मी मुलं पूर्ण बरी होती. एकट्याच्या समुपदेशनाच्या गटात साधारण पावभाग. निम्मीच हो, सगळी नाही. हा जादूटोणा नाही. पण ज्यांना शंभर वर्षं फाटकाबाहेर ठेवलं त्यांच्याच हातानं हा फरक पडला. त्याच वर्षी या आजारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जाहीरपणे लिहून टाकलं की कुटुंब हे या आजाराचं मूळ कारण आहे असं मानू नये.

या पद्धतीत टप्पे तीन. पहिल्या टप्प्यात काय, किती, कधी खायचं ते आईबाप ठरवतात, लेकरू नाही. दुसऱ्यात प्रकृती सुधारेल तसा हा अधिकार हळूहळू परत लेकराकडं जातो. तिसऱ्यात कॉलेज, मैत्रिणी, भांडणं, स्वप्नं, म्हणजे त्या वयाचं नेहमीचं जगणं. आणि आजार का झाला याची पहिल्या दिवसापासून चिरफाड करत बसायचं नाही. घराला आग लागली की आधी पाणी मारायचं, शॉर्टसर्किट कुणामुळं झालं ते नंतर.

मग प्रश्न येतो, ज्याचं अवसान गळालंय त्या आईबापाला हे करायचं बळ कुठून येतं? याचंही उत्तर शोधलेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा सापाला भयंकर घाबरणाऱ्या माणसांवर काम करत होते. व्याख्यान देऊन कुणाची भीती जाईना. पण आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग दारातून, मग काचेबाहेरून, मग हातमोजा घालून, असं एकेक पाऊल टाकलं की तीच माणसं साप हातात धरू लागली. १९७७ साली त्यांनी मांडलं की "मला जमेल" हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः केलेल्या छोट्या यशातून, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं बघून, विश्वासाच्या माणसानं सांगितल्यानं, आणि स्वतःचं शरीर-मन शांत ठेवल्यानं. यातली पहिली वाट सगळ्यांत पक्की. म्हणजे भरवसा आधी आणि काम नंतर, असं होत नाही. काम आधी, मग भरवसा. नंतर खाण्याच्या आजारातही आईबापांचा हा भरवसा मोजून बघितला गेला, आणि त्यांचा भरवसा वाढण्याचा आणि लेकरू सुधारण्याचा संबंध दिसून आला.

आता आपल्या राज्याकडं वळू. महाराष्ट्रात आजारी माणसाला सांभाळणाऱ्यांचा विचार झालाच नाही असं नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं. तिथं व्यसनी माणसाइतकंच त्याच्या बायकोशी बोललं जाऊ लागलं. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच उभारली. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे मराठी प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनियासाठी संस्था सुरू झाली. तिथं आजाऱ्यांचे नातेवाईक एकत्र बसून एकमेकांना सांगू लागले. २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "देवराई" आला. त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. मराठी पडद्यावर सांभाळणाऱ्या माणसाची दमछाक इतकी नीट आधी क्वचितच दिसली असेल. बंडुरांची दुसरी वाट ती हीच, आपल्यासारख्याला बघणं.

पण नावं बघा, पुणे, ठाणे, पुणे. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाडा त्या यादीत नाही. मनाचं दुखणं हा विषय आपल्याकडं मोठ्या प्रमाणावर आला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपानं. वाचलेल्यांच्या मानसिक आजारांवरचा एक प्राथमिक अहवाल १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. तो लिहिणाऱ्यांत डॉ. प्रताप शरण आणि डॉ. शेखर सक्सेना ही नावं आहेत. आणि योगायोग बघा, भारतातल्या खाण्याच्या आजारांवरचा सुरुवातीचा महत्त्वाचा लेख १९९५ चा, त्याच्या लेखकांतही हीच दोन नावं आहेत, डॉ. खंडेलवाल यांच्यासोबत.

त्या लेखात पाच तरुणींच्या केसेस आहेत आणि त्यातली एक गोष्ट आपल्या प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावी अशी आहे. या मुली खात नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन ढासळलं होतं, पाळी बंद होती. पण "मी जाड आहे" असं परदेशी मुलींसारखं त्या ठासून म्हणत नव्हत्या. म्हणजे आपल्याकडं हा आजार आरशासमोर उभा राहूनच येईल असं नाही. तो "पोटात दुखतंय", "खाल्लं की मळमळतंय", "गॅस झालाय" असं म्हणत येतो. मग सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, गंडा-दोरा होतो, वर्ष जातं. तीन वर्षांच्या आत आणलं तर गुण चांगला येतो हे वर वाचलंत ना? त्यातलं एक वर्ष असं पोटाच्या डॉक्टरांकडं जातं.

आपल्याकडं हा आजार लपायला जागाही भरपूर. लातूर पॅटर्नच्या ओढीनं चहूकडून लेकरं शहरात येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा लावतात. डबा उघडला की तसाच गेला, कोण बघणार? दिवाळीला पोरगी घरी येते तेव्हा आईला धक्का बसतो. "अभ्यासानं वाळली" म्हणून कौतुकही होतं. दुसरी जागा उपासाची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. एरवी श्रद्धेनं उपास करणारी माणसं वेगळी; इथं उपास हे पांघरूण होतं. आजाऱ्याला उपास आणि रोजा यांतून सूट असते हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोठ्यानं सांगायला हवं. आजीनं सांगितलेलं चालतं, डॉक्टरांपेक्षा जास्त चालतं.

आणि तिसरी जागा सगळ्यांत मोठी, ती म्हणजे बायकांची शेवटची पंगत. आपल्या घरात आधी पुरुष, मग लेकरं आणि सगळं आवरल्यावर बायका जेवतात. सुनेनं काय खाल्लं, अर्धी भाकर खाल्ली की नुसतं पाणी पिऊन उठली, कुणी बघितलेलंच नसतं. लग्न झालेल्या मुलीला हा आजार असला तर तो आयुष्यभर त्या शेवटच्या पंगतीत लपून राहू शकतो. आणि ज्या पोरीनं आईला रोज उरलंसुरलं खाताना बघितलंय, तिला "पोटभर जेव" म्हणायचा आईचा अधिकार तिथंच अर्धा होतो.

म्हणून माझ्या मते आपल्याकडचा पहिला उपचार ठरलेल्या वेळेला सगळ्यांनी एका पंगतीत बसण्याचा. आई धरून. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलात तर माहीत आहे, पंगतीत लहान-मोठा कुणी नसतो आणि वाढणारा "हवं का" म्हणून वाद घालत नाही, तो वाढतो. ते दृश्य आपल्या स्वयंपाकघरात आणायचंय.

ताटासमोर बसणाऱ्यानं काय करायचं, हे अनुभवी लोकांनी लिहून ठेवलंय. लंडनच्या जेनेट ट्रेझर यांनी २००७ मध्ये सांभाळणाऱ्यांसाठी एक पुस्तक केलं, सहलेखकांत एक आई होती. त्यांनी प्राण्यांची उपमा वापरली. कुणी कांगारू होतं, लेकराला पोटाच्या पिशवीत घालून जगापासून लपवतं. कुणी गेंडा, धडक मारतं. कुणी शहामृग, वाळूत तोंड खुपसतं. कुणी जेलीफिश, नुसतं पाणी-पाणी. व्हायचं असतं डॉल्फिन. कधी पुढं पोहून वाट दाखवायची, कधी बाजूनं सोबत करायची, कधी मागून हळूच ढकलायचं. आपल्याकडं हे सगळे प्राणी एकाच वाड्यात सापडतात. बाप गेंडा, आजी कांगारू, काका शहामृग. आणि लेकरू बरोबर फटी शोधतं. आईनं "दोन भाकरी" म्हटलं की आजीकडं जातं, आजी म्हणते "राहू दे गं, एकच खाऊ दे." त्यामुळं पहिली बैठक लेकराशी नको, घरातल्या मोठ्यांची आपसात हवी. काय वाढायचं, कोण बसणार, कोण बोलणार नाही, हे तिच्या माघारी ठरवा. मग तिच्यासमोर सगळ्यांचा शब्द एक.

ताटासमोर बोलणं थोडं. "हे अवघड जातंय मला दिसतंय. मी इथंच आहे. पुढचा घास घे." बस्स. कॅलरीवर वाद नाही, वजनावर शेरा नाही, "आता कशी भरल्यासारखी दिसायलीस" असं कौतुक तर मुळीच नाही, तिला ते शिवीसारखं लागतं. दुष्काळाच्या गोष्टी नकोत. तुलना नको. जेवल्यावर तासभर सोबत राहा, टीव्ही बघा, पत्ते खेळा, कारण उलटी काढायची ओढ तेव्हा जास्त असते. धाकट्या भावंडाला पोलीस करू नका, त्याचं काम फक्त दोस्तीचं. आणि एखादं जेवण फसलं तर ते जेवण फसलं, तुम्ही नाही. चार तासांनी पुढचं जेवण आहेच.

सांभाळणाऱ्यानं स्वतःकडंही बघायचं. बंडुरांची चौथी वाट विसरू नका. रात्रभर न झोपलेली आई सकाळी शांत बसू शकत नाही. आळीपाळी करा. बापानं आठवड्यातली निम्मी जेवणं अंगावर घ्यावीत, "तुझं खातं आहे ते" म्हणून सुटू नये. आणि एका तरी माणसाला खरं सांगा. "पोरीचं लग्न जमणार नाही" या भीतीनं घरं तोंड शिवून घेतात. मग मदत करणारा चुलता, मावशी, मैत्रीण, सगळेच बाहेर राहतात.

पण धीर म्हणजे आडमुठेपणा नव्हे. काही गोष्टी घरी करायच्या नसतात. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, नाडी फार मंद लागणं, उलटीत रक्त, पाणीही नाकारणं, वजन झपाट्यानं उतरणं, जीव द्यायची भाषा, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आणि फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर खाऊ घालू नका. खंगलेल्या शरीरात रक्तातले क्षार अचानक ढासळतात आणि हृदय बंद पडू शकतं. महायुद्धानंतर सुटलेले कैदी असे दगावले आहेत. अशा वेळी किती आणि कसं वाढवायचं ते रक्त तपासून डॉक्टरांनीच ठरवायचं.

जायचं कुठं? नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, तिथं मानसोपचार विभागाची चौकशी करा. लाज वाटत असेल तर आधी १४४१६ वर फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि सांभाळणाऱ्यानंही फोन केला तर चालतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आरोग्य विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलंय, तेही विमा कंपनीला विचारा. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर करा, "घरी आम्ही काय करायचं ते शिकवाल का?" जो डॉक्टर हे ऐकून घेतो तो तुमचा डॉक्टर.

लोकप्रतिनिधींनाही एक मागणं आहे. इमारती, उद्घाटनं होत राहतील. पण आपल्या दोन जिल्ह्यांत जितकी वसतिगृहं, मेस आणि क्लासेस आहेत तितक्या ठिकाणी एक तरी माणूस असा हवा, ज्याला न उघडलेला डबा ओळखता येतो. आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस सांभाळणाऱ्यांची बैठक हवी. सतरंजी टाकली तरी पुरे, अमृतसरला तर तंबूतच सुरुवात झाली होती.

राहिली ती आई, जी स्वतःलाच दोष देत गप्प बसलीय. ताई, दोष देणारे शहाणे होऊन गेले, त्यांचं म्हणणं पुढच्या डॉक्टरांनीच खोडलं. तुम्ही कारण नाही. तुम्ही उपाय मात्र होऊ शकता. उद्या सकाळी अख्खा आजार बरा करायचा नाहीये. एक ताट वाढायचं, स्वतःचंही वाढून घ्यायचं आणि समोर बसायचं. अर्धी भाकर जास्त गेली तर तेवढंच पहिलं यश. नाही गेली तरी दुपारचं ताट आहे.